मागचा एक्सल बदलण्याआधी

पनवेलजवळच्या कळंबोलीत ट्रक दुरुस्तीच्या गॅरेजांबाहेर एक काम नेहमी पाहायला मिळतं. मालानं भरलेला ट्रक उभा असतो. इंजिन चालू होतं, गिअर पडतो, पण मागची चाकं फिरत नाहीत. मिस्त्री चाकाच्या मध्यावरचे बोल्ट सोडतो आणि आतून एक लांब पोलादी दांडा सरळ बाहेर ओढतो. माल उतरवावा लागत नाही, चाक काढावं लागत नाही. आत अडकलेला तुकडा काढून नवा शाफ्ट सरकवला, बोल्ट आवळले की ट्रक पळस्पे फाट्याकडे निघायला मोकळा.

जीपच्या घाटाच्या बहुतेक गाड्यांमध्ये हे जमत नाही. त्यांचा मागचा शाफ्ट बेअरिंगच्या बाहेरच्या बाजूला तुटला, तर त्याच्याबरोबर चाकही निखळू शकतं. फरक एक्सलच्या रचनेत आहे. ट्रकचा एक्सल ‘फुल फ्लोटिंग’ असतो. त्यात गाडीचं वजन एक्सलची नळी आणि हबमधली बेअरिंगं पेलतात, शाफ्टनं फक्त चाक फिरवायचं असतं. ‘सेमी फ्लोटिंग’ रचनेत चाक थेट शाफ्टच्या टोकावर बसतं, म्हणून त्याच शाफ्टला चाक फिरवावंही लागतं आणि वजनही पेलावं लागतं. बहुतेक एसयूव्ही आणि हलक्या पिकअप गाड्यांना हीच रचना असते, कारण ती हलकी, स्वस्त आणि सडकेच्या वापराला पुरेशी असते.

सडक सोडली की हिशेब बदलतो, आणि पनवेल परिसरात सडक सोडायला फार लांब जावं लागत नाही. पूर्वेला प्रबळगड आणि माथेरानची रांग, पश्चिमेला उरणकडची खाजणं, मध्ये भाताची खाचरं आणि ओढे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जून उजाडला की लाल-तपकिरी मातीचा चिखल होतो आणि त्याच्या खाली असतो सह्याद्रीचा काळा बेसाल्ट. फोर बाय फोर गाडीच्या मागच्या एक्सलला यापेक्षा वाईट जोडी सापडणं कठीण.

कारण एक्सल बहुधा ताकदीच्या सलग जोरानं तुटत नाही, झटक्यानं तुटतो. रुतलेली गाडी काढायला चालक पॅडल दाबतो, चाक चिखलात गरागरा फिरतं, त्याला जवळजवळ विरोधच नसतो. तेवढ्यात चिखल उपसला जातो आणि रबर खालच्या खडकाला लागतं. जड टायर, रिम, शाफ्ट आणि इंजिनाचं फ्लायव्हील यांच्यात साठलेली फिरण्याची सगळी ऊर्जा एका क्षणात अडते. शाफ्टवर तेव्हा येणारा टॉर्क इंजिन शांतपणे देईल त्याच्या कितीतरी वर जातो. चढावर हे आणखी घडतं, कारण गाडीचं नाक वर होताच वजन मागे सरकतं आणि मागच्या चाकांची पकड वाढते. म्हणून पुढच्यापेक्षा मागचा एक्सल आधी बोलतो.

‘मागे कडक एक्सल टाकायचा’ हा विचार मनात येतो तो असा पहिला शाफ्ट मोडल्यावर. मग बाजारात नावं ऐकू येतात, कुणी मोठ्या गाडीचा अख्खा एक्सल सुचवतं, कुणी परदेशी किट. त्याआधी एक साधा हिशेब मांडला तर खर्च योग्य जागी होतो.

सोप्या आकड्यांनी पाहू. इंजिनाचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर. पहिला गिअर चारपट करतो, ट्रान्सफर केसची लो रेंज अडीचपट, एक्सलमधली क्राऊन-पिनियनची जोडी पुन्हा चारपट. गुणाकार होतो १०,००० न्यूटन-मीटर. फोर बाय फोरमध्ये तो पुढे-मागे वाटला जातो, तरी आकडा प्रचंड आहे.

पण जमीन तेवढा घेऊ देत नाही. मागच्या दोन चाकांवर मिळून १,२०० किलो वजन आहे, कोरड्या खडकावर पकडीचा गुणांक ०.८ आहे आणि टायरची त्रिज्या ०.३७ मीटर आहे असं धरलं, तर साधारण ३,५०० न्यूटन-मीटरला टायर घसरू लागतो. म्हणजे घसरणारा टायर हाच एक्सलचा फ्यूज आहे. एक्सलवर किती ताण येणार हे इंजिनापेक्षा जास्त टायर, वजन आणि पकड ठरवतात. टायरची त्रिज्या ०.४२ मीटर केली की तोच आकडा जवळपास ४,००० होतो. छतावर कॅरियर, मागे जड बंपर, पाण्याचे आणि डिझेलचे कॅन चढवले की आणखी वाढतो. ॲक्सेसरीजच्या दुकानात आनंदानं घेतलेली प्रत्येक वस्तू एक्सलच्या खात्यावर जमा होत असते.

जीपचा इतिहास याच वाढीचा आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबीच्या इंजिनाचा टॉर्क होता साधारण १४२ न्यूटन-मीटर. त्या फौजी जीपचा मागचा एक्सल फुल फ्लोटिंग होता. युद्धानंतर नागरी जीप आली आणि मागे सेमी फ्लोटिंग एक्सल आला. महिंद्रानं १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे सीजे-३बी घाटाची जीप कित्येक दशकं बनवली. २०१०मध्ये थार आली, तिच्या सीआरडीई डिझेल इंजिनाचा टॉर्क २४७ न्यूटन-मीटर. २०२०च्या नव्या थारचं डिझेल इंजिन ३०० न्यूटन-मीटर देतं. टायरही वाढले. जुन्या थारचा २३५/७० आर १६ टायर साधारण ७३५ मिलिमीटर व्यासाचा, नव्या थारचा २५५/६५ आर १८ सुमारे ७८९ मिलिमीटरचा, म्हणजे कंपनीकडूनच ३१ इंची. नव्या गाडीचा एक्सल या आकड्यांसाठी आखलेला असतो. खरी अडचण येते ती जुन्या जीपमध्ये मोठं डिझेल इंजिन बसवून, वर ३३ इंची टायर चढवून मागचा एक्सल मूळचाच ठेवला जातो तेव्हा.

मोडलेला भाग काय सांगतो

एक्सल बदलायचा की नाही याचं उत्तर मोडलेल्या तुकड्यांत असतं. म्हणून ते भंगारात टाकण्याआधी उजेडात धरून पाहावेत.

शाफ्टच्या टोकाला स्प्लाइनच्या खाचा असतात. त्या सरळ असायला हव्यात. खाचा पिळवटून तिरक्या झालेल्या दिसल्या, तर शाफ्टवर सहनशक्तीपलीकडे टॉर्क आला होता आणि तुटण्याआधी धातू वळला, असा त्याचा अर्थ. न तुटलेल्या शाफ्टवरही हा पीळ दिसतो, म्हणून दुसऱ्या बाजूचाही काढून पाहावा. तुटलेल्या तोंडावर एका कडेला गुळगुळीत, शिंपल्यासारख्या वर्तुळाकार रेषा आणि उरलेला भाग खरबरीत असेल, तर भेग जुनी होती. ती हळूहळू वाढत गेली आणि शेवटच्या झटक्यानं फक्त उरलेला धातू तोडला. अशा वेळी शाफ्ट जाड करण्याआधी भेग कुठून सुरू झाली ते शोधावं लागतं. बऱ्याचदा ती गंजाच्या खड्ड्यात, टोकदार खोबणीत किंवा वाकलेल्या नळीमुळे रोज पडणाऱ्या बाकात सुरू झालेली असते.

सीजे-३बी घाटाच्या जुन्या जीपमध्ये आणखी एक जागा तपासावी लागते. तिथे शाफ्टचं बाहेरचं टोक निमुळतं असतं, त्यावर हब बसतो, मध्ये एक छोटी चौकोनी चावी असते आणि वरून मोठा नट. हब शाफ्टला धरून ठेवतो तो खरं तर निमुळत्या पृष्ठभागांच्या घट्ट पकडीमुळे. नट नीट आवळला नसेल, तर सगळा भार चावीवर येतो, तिची खाच रुंदावते आणि एके दिवशी चावी कापली जाते. शाफ्ट शाबूत, चाक मात्र फिरत नाही. इथे नवा एक्सल घेण्याची गरजच नसते. हब आणि शाफ्टचे पृष्ठभाग स्वच्छ व कोरडे करून, नवी चावी घालून, टॉर्क रेंचनं मॅन्युअलमधल्या आकड्याला नट आवळणं आणि स्प्लिट पिन घालणं पुरतं. कायमचा उपाय हवा असेल, तर फ्लॅन्ज आणि शाफ्ट एकसंध असलेला प्रकार बसवतात.

क्राऊनचे दात तुटले असतील, तर ते कुठल्या बाजूनं तुटले हे पाहावं. क्राऊनच्या दाताची एक बाजू पुढे जाताना भार घेते, दुसरी रिव्हर्समध्ये. मागच्या एक्सलमधली रिव्हर्सची बाजू तुलनेनं कमजोर असते. रुतलेली गाडी रिव्हर्समध्ये झटके देऊन काढण्याची सवय दात खाते, आणि ती सवय सुटली नाही तर मोठा क्राऊनही तिला पुरत नाही.

एक्सलची नळी वाकली असेल, तर खुणा वेगळ्या असतात. मागचे टायर आतल्या कडेनं झिजतात, ऑइल सील बदलूनही पुन्हा गळतं, बेअरिंग लवकर आवाज करू लागतं. उड्या मारणाऱ्या किंवा फार वजन वाहणाऱ्या गाडीत हे होतं. अशा नळीवर आडवी पोलादी कैची वेल्ड करून तिला आधार देतात. मात्र वेल्डिंगच्या उष्णतेनं नळीच वाकते, म्हणून काम थोडं थोडं, दोन्ही बाजूंना आलटून-पालटून करावं लागतं आणि शेवटी सरळपणा मोजावा लागतो.

ताकद कशी विकत घ्यायची

शाफ्टची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. व्यास फक्त दहा टक्क्यांनी वाढला की ताकद एक तृतीयांशानं वाढते. अमेरिकेतल्या जीपवाल्यांची निवड याच गणितावर उभी आहे. रँग्लरच्या अनेक गाड्यांना मागे डाना ३५ एक्सल असे, त्याचा शाफ्ट साधारण २९.७ मिलिमीटरचा. डाना ४४चा शाफ्ट सुमारे ३३.३ मिलिमीटरचा. साडेतीन मिलिमीटरच्या फरकानं ताकद जवळपास ४० टक्के वाढते. तिथल्या हौशी मंडळींनी आणखी एक वाट शोधली. १९९५नंतरच्या फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंची क्राऊन असलेला एक्सल भंगारवाड्यात सहज मिळे, त्याचा शाफ्ट डाना ४४च्या तोडीचा होता आणि डिस्क ब्रेकही आयते मिळत.

त्याच्याही पुढे डाना ६० आहे, ट्रकच्या घाटाचा, सुमारे ३८ मिलिमीटर शाफ्टचा. कागदावर तो डाना ४४पेक्षा दीडपट मजबूत. पण त्याचा क्राऊन पावणेदहा इंची आहे, त्यामुळे मधला गोळा मोठा आहे आणि तो खाली लोंबतो. खडकांमधून जाताना जमिनीपासूनचं अंतर नेमकं तिथेच मोजलं जातं. शिवाय स्प्रिंगखालचं वजन वाढलं की चाक खाचखळग्यांशी जुळवून घ्यायला मंदावतं. हलक्या जीपला डाना ६० बसवला की त्या अंतराची भरपाई करायला टायर मोठे करावे लागतात, आणि टायर मोठे झाले की ताण पुन्हा वाढतो.

आपल्याकडे नवा शाफ्ट बनवून घेण्याची सोय चांगली आहे. सिडकोनं वसवलेला कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार हाकेच्या अंतरावर आहे, आणि मुंबई-ठाण्याच्या वर्कशॉपांत ईएन १९ आणि ईएन २४ ही पोलादांची नावं रोजच्या बोलण्यातली आहेत. ईएन १९ क्रोम-मॉलिब्डेनमचं, ईएन २४मध्ये त्याबरोबर निकेलही असतं आणि ते झटके जास्त सोसतं. पण लेथवर दांडा कातून घेतला म्हणजे शाफ्ट झाला असं नाही. त्याला नेमकी उष्णता-प्रक्रिया लागते. ती कमी पडली तर स्प्लाइन पिळवटतात, जास्त झाली तर शाफ्ट ठिसूळ होऊन कडकन मोडतो. कडकपणा मोजून दिल्याचा कागद मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे. खाचांच्या मुळाशी आणि व्यास बदलतो तिथे कोपरा गोलसर आहे ना, हेही बोटानं तपासता येतं. टोकदार कोपरा म्हणजे पुढच्या भेगेची जागा.

क्राऊन-पिनियन बदलताना दोन गोष्टींची ओढाताण असते. टायर मोठे केले की गाडी जड वाटते, कारण प्रत्येक फेऱ्यात जास्त अंतर कापावं लागतं. ७३५ मिलिमीटरच्या जागी ३३ इंची, म्हणजे ८३८ मिलिमीटरचा टायर आला, तर क्राऊन-पिनियनचा रेशो ४.० असलेल्या गाडीला पूर्वीसारखं धावायला ४.५६चा रेशो हवा. पण रेशो वाढवायचा म्हणजे पिनियनचे दात कमी करायचे. ३.७३च्या जोडीत ४१ आणि ११ दात असतात, जुन्या नागरी जीपच्या ५.३८च्या जोडीत ४३ आणि ८. त्याच आकाराच्या क्राऊनबरोबर फिरणारा पिनियन त्या प्रमाणात लहान होतो आणि कमजोरही. म्हणून टायर आणि रेशो दोन्ही बरेच वाढवायचे असतील, तर मोठ्या क्राऊनचा एक्सल घेण्याला खरा अर्थ येतो. पनवेलहून मुंब्र्याला जाणाऱ्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला भारत गिअर्सचा कारखाना आहे आणि क्राऊन-पिनियन बनवणं हा त्याचा मुख्य धंदा आहे. हे दात कापणं, कडक करणं आणि एकेक जोडी एकमेकांशी जुळवणं किती बारकाईचं काम आहे, हे समजलं की एका जोडीचा क्राऊन आणि दुसऱ्या जोडीचा पिनियन मिळवून बसवण्याचा मोह कुणाला होणार नाही.

लॉकिंग डिफरन्शियलबद्दल सावधपणे ठरवावं. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही शाफ्टना जवळपास सारखाच टॉर्क मिळतो, एक चाक हवेत गेलं की दुसऱ्यालाही काही उरत नाही. गाडी अडकते, पण शाफ्ट वाचतो. लॉक लावला की ज्या एका चाकाला पकड आहे त्याच्या शाफ्टवर सगळा भार येतो. २०१५पासून थारमध्ये ईटनचा यांत्रिक लॉक मागे मिळू लागला. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की तो आपोआप लागतो. फोर्सच्या गुरखामध्ये पुढचा आणि मागचा दोन्ही लॉक चालकाच्या हातात असतात. चालकानं लावायच्या लॉकचा फायदा असा की अडथळ्याआधीच तो लावता येतो आणि चाक भन्नाट फिरण्याची वेळ येत नाही. चिखल आणि खडक एकत्र असलेल्या जमिनीवर लॉक आणि हलकं पॅडल मिळून एक्सल वाचवतात. लॉक आणि जोराचं पॅडल मिळून तो मोडतात.

जुळणी

पूर्ण एक्सल बदलायचं ठरलंच, तर ताकदीपेक्षा मापं जास्त वेळ खातात. दोन चाकांमधलं अंतर, पाट्यांच्या किंवा कॉइलच्या बैठकींची जागा, चाकाच्या बोल्टांचं वर्तुळ, प्रॉपेलर शाफ्टची लांबी आणि पिनियनचा कोन हे सगळं जुळावं लागतं. कोन चुकला तर विशिष्ट वेगाला गाडी थरथरते आणि प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस लवकर जातात. हँडब्रेक चालायला हवा. नव्या गाड्यांमध्ये एबीएस आणि ईएसपी चाकांच्या वेगाच्या सेन्सरवर अवलंबून असतात, ते नव्या एक्सलवर बसत नसतील तर सुरक्षिततेची अख्खी यंत्रणा गमावली जाते. आणि पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये पुढच्या आणि मागच्या एक्सलचा रेशो सारखा असलाच पाहिजे. मागे ४.५६ आणि पुढे ४.० ठेवून फोर बाय फोर लावला, तर दोन्ही एक्सल एकमेकांविरुद्ध ओढत राहतील आणि ट्रान्सफर केस त्यात भरडला जाईल.

एक स्वस्त सुधारणा मात्र प्रत्येकानं करावी. एक्सलवर एक बारीक श्वासनळी असते, ब्रीदर. तापलेला एक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी सीलमधून आत ओढलं जातं. मग तेल दुधाळ होतं आणि बेअरिंग, दात गंजतात. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती इंजिनाच्या खोलीपर्यंत उंच नेली की हा धोका बराच कमी होतो.

कायद्याची बाजू दुर्लक्षून चालत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना परवानगी नाही, हे स्पष्ट केलं. पनवेलची एमएच ४६ पाटी लावून महामार्गावर धावणाऱ्या गाडीला हे लागू आहे, आणि अपघात झाला तर विम्याच्या दाव्यातही हे बदल आडवे येऊ शकतात. त्याच मापाचा पण चांगल्या पोलादाचा शाफ्ट घालणं आणि रुंद एक्सल, मोठे टायर लावून गाडीचं रूपच बदलणं यांत म्हणूनच मोठं अंतर आहे. २०१४पासून गोव्यात ऐन पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांत दिसणाऱ्या आमूलाग्र बदललेल्या गाड्या स्पर्धेपुरत्याच असतात. गाडी आणि चालक दोघांचीही मर्यादा ओळखायची असेल, तर इगतपुरीजवळ महिंद्राचं ऑफ-रोड प्रशिक्षण केंद्र आहे. कर्नाळ्याचं अभयारण्य आणि शेतकऱ्याचं लावणी केलेलं खाचर ही मर्यादा तपासण्याची जागा नाही.

नवी क्राऊन-पिनियन बसवल्यावर पहिले काही दिवस महत्त्वाचे. मिस्त्रीनं दातांना रंग लावून संपर्काची खूण पाहिली का, आणि दोन दातांमधली ढील डायल गेजनं मोजली का, हे विचारावं. ही ढील मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांतली असते, ती हातानं हलवून कळत नाही. पहिली फेरी वीस-पंचवीस मिनिटांची, हलक्या पावलानं, मग एक्सल पूर्ण थंड होऊ द्यायचा, आणि हे दोन-तीनदा. सुरुवातीला भार ओढायचा नाही. पाचशे-आठशे किलोमीटरनंतर तेल काढून नवं जीएल-५ प्रतीचं भरायचं आणि ड्रेन प्लगच्या चुंबकाला काय चिकटलंय ते कापडावर पुसून पाहायचं. करड्या, मऊ लेपासारखी भुकटी असेल तर दात एकमेकांत बसताहेत. नखाला टोचतील अशा चकत्या किंवा दाताचे कण निघाले, तर गाडी पुढे न चालवता एक्सल पुन्हा उघडायचा.